मांजराची दूधभाकरी

मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो, हे पाथर्डीकरांना सांगावयास नको. तेथे गाढव घेणारा मनुष्य प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, मग खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, आणि एवढी परीक्षा झाल्यावरच भावाची गोष्ट काढतो. बैलाचेही तसेच. कोणत्या पाल्याने शेळीचे पोट फुगते, व्यालेल्या म्हशीला काय चारावयाचे, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु त्याच घरात चुलीपाशी निजणाऱ्या मांजराच्या तोंडात दात किती, असे आम्ही काही जाणत्या शेतकऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी उत्तर देण्याऐवजी आमच्याकडेच कीव आल्यासारखे पाहिले. यात त्यांचा दोष नाही. मांजर कोणी विकत घेत नाही. ते आपणहून येते, किंवा शेजारणीकडून पिलू म्हणून पदरात पडते. ज्याचा बाजार नाही त्याची परीक्षा कोण करणार? ज्याला दाम मोजला नाही ते मेले तर हळहळ वाटते, पण का मेले हे विचारावयाचे कोणाला सुचत नाही. वसंतातल्या व्याख्यानाला हा विषय फारच घरगुती वाटेल हे आम्ही जाणून आहो. तरी हे का मेले याचाच विचार आज करावयाचा आहे.

दातांपासूनच आरंभ करू. मोठ्या मांजराला तीस दात असतात, पिलाला सव्वीस. पुढचे चार सुळे शिकार धरण्यासाठी असतात. मागच्या दाढा आपल्या दाढांसारख्या सपाट नसतात. वरची व खालची दाढ कात्रीच्या दोन पात्यांप्रमाणे एकमेकींजवळून सरकतात. मांजराचा जबडा खालीवर होतो, आडवा फिरत नाही. गाय रवंथ करताना पाहा व मांजर खाताना पाहा, म्हणजे अंतर कळेल. गाईच्या तोंडात जाते आहे, मांजराच्या तोंडात कात्री आहे. कात्रीने मांस तुटते. ज्वारी दळली जात नाही.

असे असूनही मांजराचे अन्न कोणते म्हणून विचारले तर घरोघर एकच उत्तर मिळते: दूधभाकरी. पिढ्यान्‌पिढ्या मांजरे दूधभाकरीवर जगली, आता त्यात काय बिघडले, हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या जुन्या घरांत दडलेले आहे.

माळवदाचे घर आठवा. भिंती मातीच्या, वर धाबे, कोपऱ्यात कणगी, जमिनीखाली पेव किंवा भिंतीत बळद, मागे गोठा, गोठ्याशेजारी कडब्याची गंज. या घरात उंदरांचे राज्य असे. मांजर रात्रभर त्या राज्यात फिरे, पहाटे चुलीपाशी येऊन निजे, आणि सकाळी घरची बाई त्याच्यापुढे भाकरीचा कुस्करा दुधात कालवून ठेवी. आपल्याला दिसे ती ही सकाळची वाटी. रात्रीचे जेवण आपण पाहिलेच नाही. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला सुमारे दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात, आणि एका लहान उंदरापासून सुमारे तीस मिळतात. म्हणजे सात-आठ उंदीर झाले की पोट भरले. त्याखेरीज पाली, नाकतोडे, चिमण्या होत्याच. मांजराचे पोषण उंदरांवर होत होते. दूधभाकरी ही त्यावरची विड्याच्या पानासारखी गोष्ट होती. श्रेय मात्र सगळे वाटीला गेले.

हा करार फार जुना आहे. आपल्या पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या कोरड्या प्रदेशांतले रानमांजर. माणसाने धान्य साठवावयास आरंभ केला, धान्यामागे उंदीर आले व उंदरांमागे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचेही दफन सापडले, ते २००४ साली प्रसिद्ध झाले. इतके दूर जावयाचे नसेल तर आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट घ्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, प्लेगने खेडी ओस पडत असताना, अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी गावोगाव मांजरांची गणती करविली, आणि ज्या वस्तीत मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे मत मांडले. त्यांचे मत जसेच्या तसे टिकले नाही. प्लेगचा आजार मांजरालाही होतो व त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे आज माहीत आहे. परंतु मांजराला घरातला कामकरी मानून त्याची मोजदाद करणारा सरकारी अधिकारी आपल्याकडे होऊन गेला, एवढे लक्षात असू द्यावे.

आता घरे पालटली आहेत. धाब्याच्या जागी स्लॅब आला, कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली, कडब्याची गंज गावाबाहेर गेली. उंदीर झालेच तर दुकानातून औषध आणून टाकतात. शहरात नोकरीला गेलेल्या मुलांच्या बिऱ्हाडी तर मांजर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर दार लावून ठेवलेले असते. म्हणजे करारातला मोठा भाग, जो मांजर स्वतःच्या पायांनी मिळवीत होते, तो आपण काढून घेतला. आणि उरलेला, नावापुरता होता तो भाग, दूधभाकरीचा, तेवढा प्रेमाने चालू ठेवला. मांजर खाते, म्हणून आपल्याला वाटते की त्याला पोसले. ते हळूहळू उपाशी मरत असते.

हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. कुत्रा माणसाबरोबर राहून बराचसा भाकरीला सरावला. मांजर सरावले नाही. त्याच्या शरीराला काही द्रव्ये आयती, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या देहातूनच, मिळावी लागतात. आपण गाजर खाल्ले तर त्यातल्या पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते. मांजराला ते जमत नाही, त्याला ते मांसातून तयारच लागते. दुसरे द्रव्य टॉरिन. हे मांसात व मासळीत असते, धान्यात जवळजवळ नसतेच. टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजून ते आंधळे होते, हे १९७५ मध्ये दाखविले गेले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे सिद्ध केले की, हृदय फुगून व दुबळे होऊन मांजरे मरत होती त्या रोगाचे कारणही टॉरिनची उणीव हेच होते. आणि मौज अशी की ती मांजरे बाजारातले तयार अन्न खाणारी होती. त्या अन्नात टॉरिन वाढविण्यात आले, आणि तो रोग जवळजवळ दिसेनासा झाला. टॉरिन देताच पुष्कळ आजारी मांजरांची हृदयेही सुधारली. आपल्याकडे अंगणात एखादे मांजर अकस्मात लुळे पडून मेले की दृष्ट लागली, सापाने फुंकर मारली, असे म्हणतात. त्यातल्या किती वेळा वाटीतली भाकरी कारण असेल, कोण जाणे.

आणखी एक गंमत. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखणाऱ्या यंत्रणेतला एक भाग त्याच्या जातीत पूर्वीच मोडून पडला आहे, हे २००५ मध्ये कळले. तेव्हा मांजर बासुंदीवर टपते ते साखरेसाठी नव्हे, सायीसाठी.

दुधाविषयी मांजरप्रेमी मंडळी सहसा ऐकून घेत नाहीत, तरीही सांगतो. पिलू आईला पीत असते तोवर दुधातली साखर पचविणारा पाचक रस त्याच्या आतड्यात भरपूर असतो. अंगावरचे सुटले की तो कमी होत जातो. म्हणून पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधाने ढाळ होते. ज्यांना सोसते त्यांना चमचा-दोन चमचे चालेल, ताजे दही त्याहून बरे; पण ते जेवण नव्हे. आई गमावलेल्या पिलाला गाईचे दूध पाजून वाचविण्याचा प्रयत्न आपण सर्वांनी केला आहे, आणि बहुतेकांची पिले मेली आहेत. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक प्रथिने असतात. अशा पिलासाठी औषधाच्या दुकानातून मांजराच्या पिलांसाठी बनविलेली भुकटी मागवावी, दर दोन-तीन तासांनी थोडी थोडी पाजावी, पाजताना पिलू उताणे न धरता पालथेच ठेवावे, आणि ते गार पडले असेल तर आधी ऊब द्यावी, मग दूध. गार पिलाच्या पोटात दूध पचत नाही. पाजून झाल्यावर ओल्या फडक्याने त्याची बूड पुसावी; आई चाटते तेव्हाच पिलाला शू होते, आपोआप होत नाही. ही शेवटची गोष्ट माहीत नसल्याने पुष्कळ पिले दगावतात.

मग मांजराला द्यावे काय? ज्यांच्या घरी मांसाहार चालतो त्यांचे काम सोपे आहे. कोंबडीचे मांस, विशेषतः तंगडीचे गडद मांस व काळीज-हृदयाचे तुकडे, मीठमसाला न घालता उकडून द्यावे, आणि उकडलेले पाणी फेकू नये, कारण टॉरिन त्यात उतरते. तेच वरून घालावे. बोंबील-सुकट देणार असाल तर पाण्यात दोनदा भिजवून त्यांचे मीठ काढा. यकृत आवडते म्हणून रोज यकृतच देऊ नये; त्यातले अ जीवनसत्त्व अति झाल्यास मानेची हाडे एकमेकांना चिकटून मान वळेनाशी होते. आठवड्यातून एकदा-दोनदा थोडे पुरे. नुसते बिनहाडाचे मांस महिनोन्‌महिने देणे हेही चुकीचेच. उंदीर मांजर हाडांसकट खाते, त्यातून त्याला चुना मिळतो. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिलाची हाडे इतकी ठिसूळ होतात की माचीवरून उडी मारताना पाय मोडतो. म्हणून घरचेच अन्न द्यावयाचे असेल तर कॅल्शियम व जीवनसत्त्वे किती घालावी हे पशुवैद्यास विचारून ठरवावे. शिजलेली हाडे मात्र कधी देऊ नयेत, ती फुटून घशात रुततात. आणि मांस कच्चे देऊ नये. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. पाठोपाठ मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरच्या मांजरांतही तो आजार आढळला. मावशीने भाच्यांपासून एवढा धडा घ्यावयास हरकत नाही.

ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांचे काय, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि पाथर्डीत तो टाळून चालणार नाही. आचार्य आनंदऋषिजी याच तालुक्यातल्या चिचोंडीचे. येथील जैन समाज मोठा व आचाराला पक्का. शेजारी भगवानगड, त्या पंचक्रोशीत माळकरी घरे कितीतरी. जीवदयेपोटीच या घरांत मांजराला आसरा मिळतो, आणि जीवदयेपोटीच त्याला मांस दिले जात नाही. आम्ही कोणाच्या आचारावर बोट ठेवू इच्छीत नाही. एवढेच सांगतो की मांजराने आपला धर्म घेतलेला नाही. त्याला मोकळे फिरू दिले तर ते आपले पाहून घेते, आपण दूध-दही दिले काय न दिले काय. त्याला कोंडून ठेवावयाचे आणि वरणभात घालावयाचा, हे मात्र जीवदयेत बसत नाही. मधला मार्ग म्हणून बाजारात मिळणारे मांजराचे तयार अन्न आहे; ते कोरडे असते, घरात शिजवावे लागत नाही. परंतु त्यातही मांस किंवा मासळी असते, हे जाणूनच घ्यावे; डोळे मिटून दूध पिण्याची कला मांजराकडून उचलू नये. कृत्रिम टॉरिन घालून केलेले निर्मांस अन्नही निघाले आहे, पण त्याचा अवलंब पशुवैद्याच्या देखरेखीवाचून करू नये. अंडे चालत असेल तर उकडून द्यावे; प्रथिने उत्तम मिळतात, टॉरिन मात्र त्यातून पुरेसे मिळत नाही. यांपैकी काहीच जमणार नसेल तर मांजर कोंडून पाळू नये. हे कठोर वाटेल, पण याहून सौम्य करून सांगता येत नाही.

तयार अन्न साधारण पन्नास ते साठ ग्रॅम दिवसाला पुरते. पाकिटावर वजनाप्रमाणे कोष्टक असते ते पाहावे. कुत्र्याचे अन्न मांजराला देऊ नये, त्यात टॉरिनची हमी नसते. मोठ्या मांजराला दोन वेळा, सहा महिन्यांच्या आतल्याला तीन-चार वेळा. भांडे भरून दिवसभर ठेवल्याने मांजर गोल होते व शेजारीपाजारी कौतुक करतात. त्या कौतुकातून पुढे मधुमेह येतो.

पाण्याची गोष्ट आपल्या कोरड्या तालुक्यात अधिक महत्त्वाची. वाळवंटातल्या पूर्वजामुळे मांजराला तहान फारशी जाणवत नाही. उंदराच्या शरीरात सुमारे सत्तर टक्के पाणी असते, तेच त्याला पुरत असे. कोरड्या दाण्यांवर ठेवलेले मांजर तितके पाणी पीत नाही, मूत्र घट्ट होते व खडे धरतात. म्हणून दाणे भिजवून द्यावे, किंवा एक वेळ तरी ओले अन्न द्यावे. पाणी पसरट भांड्यात, मिशा कडेला न लागतील असे, आणि जेवणाच्या भांड्यापासून दूर ठेवावे. उन्हाळ्यात दोन-तीन ठिकाणी ठेवावे. मातीचे परळ उत्तम.

येथे बोक्यांविषयी एक गोष्ट. बोका वारंवार राखेत किंवा वाळूत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो आणि होत काही नाही, असे दिसले की घरचे लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. बहुधा ते बद्धकोष्ठ नसते, लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनळी अरुंद, त्यात खडा किंवा चिकटा अडकतो. एक-दोन दिवसांत तो मरतो. उद्या बाजारला जाऊ तेव्हा दाखवू, इतकी सवड त्यात नसते. त्याच घटकेला दवाखाना गाठावा लागतो.

आता आमची स्वतःची चूक. आमच्या घरी मनी नावाची पांढरी-करडी मांजरी होती. एका पावसाळ्यात तिला कोणी बोक्याने चावा घेतला, जखम पिकली, अंग तापले, तिने खाणे सोडले. रात्रीची वेळ, आम्ही सुशिक्षित. घरात माणसांच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी होती. लहान मुलाला अर्धी देतात तर मांजराला अर्ध्याहून कमीच द्यावी, असा आम्ही हिशेब केला, आणि गोळीचा तुकडा दह्यात खलून तिला पाजला. तिने प्रतिकारही केला नाही. सकाळी तिचे तोंड व पंजे सुजले होते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडल्या होते, श्वास धापेचा चालला होता. जखमेचे विष चढले असे आम्हांस वाटले. दुपारी ती गेली. ती कशाने गेली हे पुढे पुष्कळ दिवसांनी एका पशुवैद्याशी सहज बोलताना आम्हांस कळले, आणि त्यानंतर त्या दह्याच्या वाटीकडे आम्हांस पाहवेना.

पॅरासिटामॉल आपले यकृत ज्या वाटेने बाहेर टाकते ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. औषध अंगात साचते, रक्तातला लाल रंग तपकिरी होतो, आणि असे रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. एक गोळी मोठ्या मांजराला मारावयास पुरी होते. काही तासांच्या आत दवाखान्यात नेले तर त्यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा. आम्हांस तोही ठाऊक नव्हता. माणसाची कोणतीच गोळी मांजराला आपल्या हिशेबाने देऊ नये. याच कारणाने फिनेलने पुसलेली ओली फरशी वाईट. मांजर पाय चाटते व ते पोटात जाते. पिसवांसाठी रॉकेल चोळणे वाईट. कुत्र्याच्या गोचिडांसाठी जे औषध मानेवर टाकतात त्यातली परमेथ्रिन असलेली जात मांजराला आकड्या आणून मारते. कांदा-लसूण घातलेला रस्सा रक्तातल्या पेशी फोडतो. मटणाच्या रश्श्यात कालवलेली भाकरी म्हणूनच देऊ नये. आणि उंदराच्या औषधाने मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर ते विष मांजरालाही बाधते. मांजर पाळावयाचे व उंदराला विषही घालावयाचे, या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत.

मांजर आजार लपविते. दुखणे दाखविणारे जनावर रानात टिकत नाही, ही जुनी सवय त्याच्या अंगात आहे. म्हणून कोपऱ्यात जाऊन बसणे, अंग न चाटणे, खाणे सोडणे, हीच लक्षणे समजावी. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचे, विशेषतः लठ्ठ मांजराचे, यकृत चरबीने भरते आणि मग ते अन्नाकडे पाहतही नाही. माणसासारखे मांजराला लंघन मानवत नाही.

आंघोळीचे फार विचारतात. घालू नये. त्याची जीभ पुरते. लांब केसांचे असेल तर विंचरावे.

लसीविषयी दोन शब्द. पिलू सहा-आठ आठवड्यांचे झाले की पॅनल्यूकोपेनिया व सर्दीच्या दोन विषाणूंवरची लस सुरू करतात, ती चार महिन्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने टोचतात. पॅनल्यूकोपेनियात पिले ओकून व जुलाबाने धडाधड मरतात, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो. एका विणीची पिले अशी गेली असतील तर नवे पिलू लस टोचल्याशिवाय आणू नये. ही लस तालुक्याच्या दवाखान्यात हाताशी असतेच असे नाही, आधी सांगून मागवून घ्यावी. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, आणि पुढे ठरल्या वेळी तिची पुनरावृत्ती. रेबीज कुत्र्यापासूनच होतो ही समजूत घातक आहे. कोणाचेही, विशेषतः अनोळखी मांजराचे, दात किंवा नखे लागून रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची काही भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी.

गर्भार सुनेला मांजराजवळ जाऊ देऊ नये असे आपल्या आज्या सांगत. पाचवी-सटवाईच्या भीतीत त्यांनी ते गुंडाळले होते. त्यात एक कण खरा आहे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो व तो पोटातल्या गर्भाला बाधतो. परंतु तो विष्ठेत पडल्याबरोबर बाधत नाही. त्याला एक ते पाच दिवस लागतात. तेव्हा मांजर हाकलून देण्याचे कारण नाही. त्याची वाळू रोज दुसऱ्या कोणी साफ करावी, गर्भार बाईने मातीत हात घातल्यावर ते धुवावे व मांस नीट शिजवून खावे, इतके पुरे.

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, सुमारे त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांत विते, आणि पिले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तीन-चार पिले, वर्षातून दोन-तीनदा. आपल्याकडे ही पिले पोत्यात घालून बाजाराच्या गावी किंवा नदीपलीकडे सोडून येतात. ज्या हाताने मांजर मारल्याचे पाप काशीला जाऊनही फिटत नाही म्हणतात, तोच हात हे काम करतो. पाच-सहा महिन्यांत मांजरीचे पिशवीचे व बोक्याचे खच्चीकरणाचे ऑपरेशन करून घ्यावे. एकदा तरी पिलावळ होऊ द्यावी, नाहीतर मांजरीला त्रास होतो, ही समजूत खोटी आहे. लवकर ऑपरेशन झालेल्या मांजरीला आचळांचा कर्करोग क्वचितच होतो, आणि बोक्यांच्या मारामाऱ्या थांबल्याने आमच्या मनीसारख्या जखमा होत नाहीत.

आता शेवटची व आमच्या मते या तालुक्याची खास गोष्ट. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डीतून ऊसतोडीला घरेच्या घरे जातात. बैल, शेळ्या, कुत्रे, कोंबड्या बहुधा बरोबर जातात. मांजर जात नाही. ते गाडीत बसत नाही, बसविले तर वाटेत उडी टाकते. एका म्हातारीला आम्ही याविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मांजर घराचं असतंय, माणसाचं नसतंय." त्या म्हणण्यात खोटे नाही; मांजर माणसाइतकेच, कधी त्याहून अधिक, जागेला बांधलेले असते. पण पाच-सहा महिने कुलूपबंद राहिलेल्या घरात धान्य नसते, म्हणून उंदीर नसतात. चूल नसते, रांजणात पाणी नसते. कारखाने बंद होऊन माणसे चैत्राच्या सुमारास परततात, तेव्हा काही घरांत मांजर दारात येऊन पायाला अंग घासते, आणि काही घरांत येत नाही. कोणी फार चौकशी करीत नाही. बरोबरच आहे, ज्यांची स्वतःची पोरे शाळा सोडून उसाच्या फडात गेली त्यांना मांजराचा हिशेब कोणी विचारावा?

तरी करण्याजोगे थोडे आहे, आणि ते फुकट आहे. जाण्यापूर्वी मांजरीचे ऑपरेशन झालेले असावे, म्हणजे ओस घरात पिलावळ होऊन मरत नाही. गावात राहणारी म्हातारी माणसे व शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडे असतात; त्यांच्याच ओट्यावर निघण्याआधी महिनाभर मांजराला जेवावयास घालावे, म्हणजे त्याला ती जागा आपली वाटू लागते. निघण्याच्या दिवशी वाटी तिकडे नेऊन ठेवल्याने काही होत नाही. दाराखालचे भोक बुजवू नये. आत कोंडले गेलेले मांजर आठवडाभरही काढीत नाही. म्हातारीला रोज मांस आणणे झेपणार नाही, पण आठ दिवसांच्या बाजारातून मूठभर सुकट आणून भिजवून दिली, एखादे अंडे उकडून दिले, तर बाकीचे मांजर शेजारच्या कडब्यात मिळविते. पाण्याचे परळ मात्र रोज भरावे लागते, आणि फाल्गुनापासून ते सावलीत सरकवावे लागते.